दाजींना लावलेला परका दर

ती. दाजी,

साष्टांग नमस्कार. (यावर अजून कर नाही, म्हणून दोनदा घालतो.) तुमचा गुडघा कसा आहे? आशाआक्काची साखर? इकडे पंचवटीतलं आपलं कुरियर ऑफिस ठीक आहे. मी मात्र परवापासून थक्क आहे.

परवा आयकराची सुनावणी होती. काय त्या अधिकारी बाई, दाजी! शारजातून तुमच्या कंपनीनं पाठवलेलं आणि मी तीन वर्षं फुकट पोचवलेलं एकूण एक पार्सल त्यांच्यापुढे कागदावर होतं. नामपूरला गेलेला मिक्सर, वणीला गेलेल्या खजुराच्या अकरा पेट्या (एक वाटेत हलकी झाली, हे मलाही माहीत नव्हतं). मी मनापासून हात जोडले. म्हटलं, मॅडम, बहिणीच्या नवऱ्याकडून कुणी पैसे घेतं का? त्यावर कळलं, की तुमचा आपल्या ऑफिसात निम्मा हिस्सा, म्हणून परदेशातल्या तुमच्या कंपनीला परक्याचाच दर लावायचा. नाही लावला, तरी लावला असं धरून कर. न मिळालेल्या पैशावर, दाजी! एवढा उंच विचार मी कीर्तनातही ऐकला नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "समजा, दाजी नाहीत. मग किती घेतले असते?" मी ताडकन उठलो. म्हटलं, अभद्र बोलू नका, माझी बहीण सौभाग्यवती आहे! (आपल्या सीएनं मला शर्टाला धरून खाली बसवलं.) मॅडमनी पाणी दिलं. म्हणाल्या, "शंभर वर्षं जगोत. फक्त बिलापुरते परके." माझे डोळे भरून आले. आपल्याकडे मानपानावरून माणसं जन्मभर परकी होतात. ही बाई बिलापुरती करते आणि लगेच परत देते.

पण कर पदरचा भरायचा, तर माझ्या दोन्ही गाड्या विकाव्या लागतील.

तुमचा,
दत्तू

ता. क. सोबत बिल आहे. अठरा लाख, परक्याच्या दरानं. तीनदा खोडून लिहिला, म्हणून आकडा वाकडा आलाय. पण बरोबर आहे.

ता. क. दुसरा : हे पत्र दुसऱ्याच कुरियरनं पाठवतोय. आपल्यानं पाठवलं असतं, तर बिलात तेही धरावं लागलं असतं.

ता. क. तिसरा : आक्काला आत्ता काही बोलू नका. कर भरून उरेल ते सगळं भाऊबिजेला तिच्या ताटात घालीन. ते चालतं का, हे मॅडमना विचारलेलं नाही. त्यांच्याकडे ओवाळणीचाही दर असेल.