पाय हलका ठेव

बाबा, तुम्ही गेल्यावरही तुमची गाडी अजून चालून राहिली आहे. पण पेट्रोल अशी पिते की तुमचे जावई पंपावर तोंड फिरवून उभे राहतात. "हिले भंगारात दे अन् बॅटरीचा ऑटो घे," म्हणतात. "दिवाळीपर्यंत अॅव्हरेज नाही वाढलं तर मीच विकतो." मी याच गाडीत जेवणाचे डबे घालून वैशाली नगरातून रोज पद्मनाभपुरात जाते. ऑटो मले नको. मले हीच पाहिजे. कावून, ते विचारू नका.

मग मी हात धुऊन मागे लागली. मोबाईलवर पाहिलं, जुन्या गाडीले हवा अडवते, हवेले नीट वाट करून दिली की तेल कमी लागते. शाळेत मी टिकली नाही, पण एवढं समजते. टपावरचं कॅरिअर काढून फेकलं. बोल्ट गंजले होते, करवतीनं कापले. हवा गाडीच्या पोटाखाली घुसू नये म्हणून पुढच्या बंपरखाली रबराची पट्टी लावली, खालून पत्रा ठोकवला. अन् समोरची जाळी, जिथून इंजिनाले हवा जाते, ती पुठ्ठा अन् टेप लावून बंद केली. अर्धीच झाका, म्हणे तो व्हिडिओवाला. अर्धं काम मले जमत नाही, तुमाले माहीत आहे. मे महिना होता. पद्मनाभपूर यायच्या आधीच बोनेटमधून वाफ. डबे उशिरा गेले, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. हुडको कॉलनीतला मिस्त्री पुठ्ठा ओढून काढत म्हणते, "दीदी, नाक ही बंद कर दिया इसका। साँस कहाँ से लेगी?" मग मले बाजूले बसवून त्यानंच एक चक्कर मारली. "बाकी जो लगाया, ठीक है। लेकिन हवा से सबसे ज़्यादा तो आप लड़ती हो। जितना तेज़ भगाओगी, उतना रोकेगी। पाँव हल्का करो।" मले असा राग आला की त्यानं मागवलेला चहा तसाच ठेवून निघाली.

कारण हे मी आधी ऐकलेलं होतं. लोखंडाच्या प्लांटात तुम्ही रुळावरचं इंजिन चालवत होते, मागे कढईत वितळलेलं लाल लोखंड, अन् चाल अशी की पायी चालणारा पुढे निघून जाईल. घरची गाडीही तशीच. एक रविवार आठवते, कॉलनीतल्या सेक्टरचा रस्ता रिकामा आहे, तुम्ही मले शिकवून राहिले. मी पाय दाबते. तुम्ही किल्ली फिरवता, गाडी बंद करता, किल्ली खिशात टाकून उतरता. "पायले अक्कल आली की सांग, मग देतो." मी मागून ओरडते, "बाबा, इथं काय लोखंड बांधलं आहे का मागे?" तुम्ही वळून पाहत नाही, पण खांदे हलतात, हसून राहिले हे मले दिसते. चालत घरी निघून जाता. मी उन्हात गाडीत बसून राहते.

शेवटी चालवली हळू. टाकी जास्त दिवस पुरली. जावई काटा पाहून म्हणाले, "आता काय घातलं हिच्यात?" मी म्हटलं, पत्रा. "मग राहू दे," म्हणाले, अन् विकायची गोष्ट संपली.

पण हळू चालवणं मले सोसत नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात, ते चालते. पण तसं हळू चाललं की तुम्ही बाजूले येऊन बसता. माझ्या पायाकडे पाहता. जाताना डबे असतात, तेव्हा मी सहन करते. येताना गाडी रिकामी, मग मी पाय दाबते, अन् तुम्ही उतरून जाता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही आहे, म्हणून लिहिते. परवा येताना, घाई असताना, अर्ध्या रस्त्यात मीच पाय उचलला, तुमाले बाजूले बसू दिलं. घरी विचारलं, उशीर कावून झाला? मी म्हटलं, ट्रॅफिक होती.