मोहाची रजा

१ जानेवारी
नवी डायरी. उर्वशीने दिली. देताना म्हणाली, "मागची फेब्रुवारीत थांबली होती. ही निदान होळीपर्यंत न्या." बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे बोलणं मोजून असतं.

संकल्प. चहात साखर नाही. सकाळी पाच किलोमीटर चालणं. आठवड्याला गोंडीचे दहा शब्द. रोज झोपण्याआधी स्वतःला एकच प्रश्न: आज माझ्यामुळे कोणाचं नुकसान झालं का?

सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने एवढं तरी विचारावं. त्यात मी एचआर मॅनेजर. कोळसा धुण्याच्या प्लांटमध्ये साडेतीनशे माणसांची हजेरी, रजा, बढती, ताकीद माझ्या टेबलावरून जाते.

जायची, असं म्हणायला हवं. आजपासून सगळी पत्रं सॉफ्टवेअर स्वतः काढतं आणि माझ्या डिजिटल सहीने स्वतः पाठवतं. कल्पना माझी होती. हेड ऑफिसने मेलमध्ये अभिनंदन केलं, खाली टाळ्या वाजवणारे दोन हात.

आज कोणाचं नुकसान? नाही.

९ जानेवारी, सकाळी ८.१०
चेहरा ओळखणारं हजेरीचं यंत्र गेटवर बसलं. मलाच ओळखेना. गेटवरचे भैयाजी म्हणाले, "साहेब, जरासं हसून पाहा." हसलो. तरी नाही. शेवटी त्यांनी बाजूचं फाटक उघडून आत घेतलं.

चालणं: थंडीमुळे नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर चंदा पुंगाटीचा सत्कार केला. आलापल्लीच्या पुढच्या गावातली. गेल्या एप्रिलमध्ये तिथून सहा बायका आणल्या, लोडर चालवायला शिकवलं. चंदा सगळ्यांत पुढे. कोळशाच्या ढिगावर ती लोडर असा फिरवते की जुने ऑपरेटर चहा हातात धरून बघत उभे राहतात. १ एप्रिलला ती कायम होईल. तिच्या मागोमाग बाकीच्या पाच जणी.

नारळ घेताना हळूच म्हणाली, "सर, यंदा मोहाचं तेवढं ध्यानात हाये ना?"

आहे म्हणजे काय! गावात भरतीला गेलो तेव्हा मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसवलं होतं. अख्खा गाव जमलेला. चंदाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "फुलं पडाच्या वक्ताले दहा दिवस सुट्टी भेटन काय? माय एकटीच हाये, तिचे गुडघे गेले. आमची सात झाडं हायेत. भेटत नसन तर आत्ताच सांगा, मी नाई येत." मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझा शब्द आहे." त्या शब्दावर सहाजणी जीपमध्ये बसल्या.

शब्द दिला म्हणजे दिला. आता त्याचं रीतसर धोरण करतो. एकट्या चंदापुरतं करणं म्हणजे मेहेरबानी झाली. मला सगळ्यांचा हक्क करायचा आहे.

११ फेब्रुवारी
'वनोपज हंगामी रजा धोरण', मसुदा ४. अकरा पानं. प्रस्तावनाच अडीच पानांची झाली, पण कापवत नाही.

अडचण एवढीच की सॉफ्टवेअरमध्ये रजेचे चारच प्रकार आहेत. किरकोळ, आजारपणाची, अर्जित, आणि विनापरवाना. मोह कुठेच बसत नाही.

माझा असिस्टंट शहबाज म्हणाला, "सर, मॅन्युअल एंट्री मारून टाकतो ना. अर्जित दाखवतो. दोन मिनटाचं काम हाये."

मी त्याला समजावलं की प्रशिक्षणार्थींना अर्जित रजा नसते, म्हणजे ती खोटी नोंद होईल. आज चांगल्या कामासाठी खोटी नोंद केली तर उद्या वाईट कामासाठी होईल.

"बरोबर हाये सर," म्हणाला. पण फाइल उचलून गेला त्यात जरा जोर होता.

गोंडी: पाच शब्द शिकलो. चंदाला म्हणून दाखवले. त्यातले तीन तेलुगू आहेत म्हणाली.

३ मार्च
मसुदा ७ हेड ऑफिसला गेला. उत्तर आलं: मोह म्हणजे काय, त्याचा उत्पादकतेशी संबंध काय, तक्ता पाठवा.

तक्ता करतो आहे. उर्वशी म्हणाली, "तुम्ही त्या बाईला नुसती सुट्टी का नाही देत?" घरातल्यांना प्रोसेस समजत नाही.

साखर: पाहुण्यांकडे नाइलाज होतो.

१८ मार्च, संध्याकाळी ६
चंदा केबिनमध्ये आली. उद्या निघते आहे. फुलं पडायला लागली, मायचा निरोप आहे, झाडाखालचा पाला जाळून जागा साफ केली आहे, पंडुमही झाला. हा त्यांचा सण. तो झाल्याशिवाय फूल उचलत नाहीत.

"कागद काई द्याचा काय, सर?"

"काही नाही. निश्चिंत जा."

"एकोणतीस तारखेले सकाळी गेटवर हजर राहीन."

मला भरून आलं. एवढा विश्वास आपल्यावर कोणी टाकतो, तो काय उगाच?

आज कोणाचं नुकसान? उलट.

२४ मार्च
नागपूरच्या परिषदेचं बोलावणं! 'मनुष्यबळ व्यवस्थापन: आजची आव्हानं आणि संधी.' २९ तारखेला वीस मिनिटं माझी. स्लाइड करायला बसलो. आव्हानं: कुशल माणसं टिकत नाहीत, सॉफ्टवेअरमुळे माणसाशी माणसाचा संबंध राहत नाही, तरुण सहा महिन्यांत दुसरीकडे जातात. संधी: स्थानिक भरती, स्त्रिया, विश्वास. चौदाव्या स्लाइडवर लोडरवर बसलेली चंदा.

मध्येच शहबाज. त्याचे रोजे चालू आहेत, त्यामुळे आवाज बारीक. "सर, चंदाबाईचे गैरहजेरीचे लाल दिवस चालू हायेत. सलग दहा झाले की सिस्टम पत्र काढते. नोकरी सोडून गेली असं."

मला माहीत आहे. नियम मीच टाकला होता, भामट्यांसाठी. पण मंजुरी कोणत्याही क्षणी येईल. आठवा मसुदा कालच गेला.

"एंट्री मारू काय?"

"दोन दिवस थांब."

२७ मार्च
मंजुरी नाही. फोन केला. संबंधित मॅडम रजेवर आहेत.

शहबाजला सांगायचं होतं. मग सराव करत बसलो, वीस मिनिटांचं भाषण सव्वीस होत होतं. उद्या सांगतो.

२८ मार्च
दुपारच्या गाडीने नागपूर. चंद्रपूर सुटल्यावर आठवलं, शहबाजला सांगायचं राहिलं. तिथून फोन करता आला असता. पण एक मन म्हणालं, फोनवरून खोटी नोंद करायला सांगणं हे समोरासमोर सांगण्यापेक्षा वाईट.

हे मन माझंच आहे. त्याच्यावर एकदा सविस्तर लिहायला हवं.

२९ मार्च, दुपारी ४, नागपूर
भाषण फार चांगलं झालं. शाल आणि कुंडीतलं रोप मिळालं. चौदाव्या स्लाइडला टाळ्या. शेवटी एका बाईंनी विचारलं, या सहा जणींपैकी किती टिकल्या?

"सहाच्या सहा," मी म्हणालो.

तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन सायलेंटवर. नंतर पाहिलं तर शहबाजचे चौदा मिस्ड कॉल.

३० मार्च, पाडवा
गुढी उर्वशीने एकटीने उभारली. मी प्लांटवर.

शहबाजने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, नाहीतर मी ते सुधारून घेईन.

काल सकाळी सहाला पत्र निघालं. चंदा आठला गेटवर आली. यंत्रापुढे उभी राहिली. यंत्राने तिला बरोबर ओळखलं, आणि म्हणूनच दार उघडलं नाही. भैयाजींना माझ्यासाठी बाजूचं फाटक उघडता आलं होतं, तिच्यासाठी त्यांची हिंमत झाली नाही. पत्र तिच्या फोनवर आलेलं होतं, गावात रेंज नसल्यामुळे गेटवर उघडलं. इंग्रजीत. शहबाजने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पिंपळकर सरले फोन लावा, त्याइले ठाऊक हाये." त्याने लावला. पुन्हा लावला. चार-साडेचार तास ती गेटच्या सावलीत बसली. साडेबाराला उठून म्हणाली, "ते मोठ्या कामात असतीन," आणि आलापल्लीच्या गाडीला गेली.

माझ्यासाठी एक गाठोडं ठेवून गेली. वाळवलेली मोहफुलं. ते तिने सकाळी आल्याआल्याच भैयाजींकडे दिलं होतं, पत्र उघडण्याआधी.

शहबाज म्हणाला, "रोजा माझा होता सर, पण जीभ तुमची बंद होती." मला राग आला नाही. यावा असं वाटत होतं.

आज कोणाचं नुकसान

२ एप्रिल
रेकॉर्ड उघडत नाही. एकदा 'सोडून गेली' झालं की नवा अर्ज, आणि नवी भरती सहा महिने बंद.

हेड ऑफिसला मेल लिहिला. पहिलं वाक्य 'ही माझी चूक आहे' असं होतं. मग वाटलं, मीच अडचणीत आलो तर चंदाची बाजू कोण मांडणार? 'प्रक्रियेत त्रुटी राहिली' केलं. तीन पानं झाली.

उत्तर चार ओळींचं. यंत्रणा नियमानुसार चालली. मानवी हस्तक्षेप शून्य, याबद्दल चंद्रपूर टीमचं कौतुक.

१७ एप्रिल
बाकीच्या पाचजणींनी आज राजीनामे दिले. मी अर्धा तास बोललो. कायम झाल्याचे फायदे, विमा, मुलांची शाळा. सगळ्यांत मोठी रुखमाबाई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सर, तुमी खोटं नाई बोलत, हे आमाले माहीत हाये. पन तुमचं खरं लय हळू येते."

हिशोबाने बघितलं तर मी त्यांना थांबवायला हवं होतं. गेटपर्यंत सोडायला गेलो.

२० एप्रिल
गावी जाऊन चंदाची माफी मागायची. पक्कं. येत्या रविवारी.

२७ एप्रिल
पुढच्या रविवारी. ऊन फार आहे.

१० मे
गेलो. शनिवार होता, ऑफिसला कळवलं नाही, हिंमत टिकेना म्हणून सकाळच्या पहिल्या बसमध्येच बसलो.

तेंदूपानांचे दिवस. चंदा अंगणात मायसोबत पुडे बांधत होती. एका पुड्यात सत्तर पानं. मला खाट दिली, पाणी दिलं. माय नीलाबाईने विचारलं, हा कोण? चंदा म्हणाली, "आपल्या मोहाखाली बोलले होते ते साहेब." म्हातारीने मान हलवली आणि परत पानं मोजायला लागली.

बसमध्ये चार वेळा घोकलेली माफी होती. ती सोडून मी सॉफ्टवेअर समजावायला लागलो. दहा दिवस, लाल खूण, आपोआप पत्र. बराच वेळ बोललो असेन. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे मशीनीनं काढलं."

"हो. तसंच म्हणायचं."

"मंग खाली सही कोनाची होती?"

मी म्हणालो, माझी.

"लोडर बी मशीनच हाये सर," ती म्हणाली, आणि दोरीची गाठ दाताने ओढली. एवढंच.

मी निघताना तिने विचारलं, "ते गाठोडं भेटलं काय? डब्यात ठेवजा, नाईतर किडे लागतीन." आणि मग जरा थांबून, "एक अनुभवाचा कागद भेटन काय? लोहखाणीवर लोडरवाल्या बाया घेऊन राह्यले म्हनते. अकरा महिने चालवली एवढं लिवलं तरी पुरते."

"देतो," मी म्हणालो. "माझा—" आणि चपला घालायला लागलो.

बसमध्ये लक्षात आलं की माफी राहिली.

२३ मे
अनुभव प्रमाणपत्र, मसुदा २. 'सोडून गेली' शेरा असलेल्यांना सिस्टम प्रमाणपत्र देत नाही. हाताने द्यायचं तर शब्द फार जपून वापरायला हवेत. 'उत्कृष्ट' की 'अत्यंत कुशल'?

१६ जून, सायंकाळी ५
धोरण मंजूर! मसुदा ११, तीन ओळींत बसवला आहे. रजेच्या यादीत पाचवा प्रकार आला: मोह. खाली सॉफ्टवेअरने आपोआप भरलेली ओळ: सध्या पात्र कर्मचारी ०.

प्रमाणपत्राचा तिसरा मसुदा घेऊन शहबाजकडे गेलो. 'अत्यंत कुशल' ठेवलं आहे म्हटलं. तो खुर्चीतून उठला नाही. "ते तर पंधरा दिवस झाले गेलं, सर. आलापल्लीच्या कंडक्टरजवळ दिलं होतं. पोचलं. खाणीवर लागली बी चंदाबाई."

"सही कोणी केली?"

"तुमचीच हाये ना. तुमी कुठी लागता सहीले."

टेबलाच्या खणात गाठोडं होतं. डब्यात ठेवायचं राहून गेलं. किडे लागले आहेत.

स्क्रीनवर एक लाल खूण शिल्लक होती. १० मे, विनापरवाना, पिंपळकर. मॅन्युअल एंट्री उघडली, अर्जित रजा निवडली, मंजूर केली. घड्याळ लावून बघितलं.

एक मिनिट पन्नास सेकंद.