पाण्याची नळी

प्रिय धाकट्या,

सापडली! तुझ्या फुफ्फुसात दडून बसलेली बया अखेर सापडली. आनंदाच्या भरात घाईघाईने लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझं तरी कुठे मोत्यासारखं आहे!

रक्ताच्या कॅन्सरच्या औषधांनी तू आधीच अर्धा झालास, त्यात तीन आठवडे हा ताप. स्कॅनवर डाग दिसत होते, पण तपासणीच्या बशीत काही उगवेना, म्हणून डॉक्टर बुरशीचं औषध अंदाजानेच देत होते. शेवटी तुझं फुफ्फुस धुऊन काढलेलं पाणी आमच्याच लॅबमध्ये आलं. आम्ही त्यात बुरशीचा डीएनए शोधतो. दर खेपेला शेजारी नुसत्या पाण्याचीही एक नळी लावतो. तिच्यात काही म्हणजे काही निघता कामा नये. परवा तुझ्या नळीत बुरशी निघाली आणि ती मेली त्या नुसत्या पाण्याच्या नळीतही निघाली! म्हणजे बाहेरून शिरलेली, निकाल बाद. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. आमच्या लॅबच्या मॅडमनी विचारलं, सकाळपासून काय काय केलंस, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुझ्या कुंड्यांमधली माती उकरून मी तशीच धावत कामावर आले होते. बाहीला माती तशीच, आणि मातीत तर बुरशी असतेच! आधी रोपं, मग ऑफिस, असं तूच बजावलं होतंस ना?

मॅडमनी मला खोलीबाहेर काढलं आणि राखून ठेवलेल्या नमुन्यावर काल स्वतः तपासणी केली. मी काचेला नाक लावून उभी. पाण्याच्या नळीत काही नाही, तुझ्या नळीत आहे! आणि डॉक्टरांनी गृहीत धरली होती ती ही बुरशी नव्हेच. चालू औषधाला ती भीकच घालत नाही. तिच्यावरचं औषध वेगळं आहे, ते वॉर्डात पोचलंसुद्धा. मी मॅडमना मिठीच मारली. बाई चक्क हसल्या.

कुंड्या सगळ्या शेजारच्या काकूंना देऊन टाकल्या. यापुढे तू मातीजवळ फिरकायचं नाहीस.

पण नर्सताई सांगत होत्या, नवं औषधही नको म्हणून तू संमतीचा कागद बाजूला सारलास. पुरे झालं म्हणालास. कंटाळलास रे, कळतं मला. तुझ्या वॉर्डाच्या काचेपलीकडून बोलले असते तर रडले असते, म्हणून हे लिहिलं. आता अंदाज नाही, राजा. ती कोण आहे ते कळलंय. पत्र त्याच कागदाला टाचून पाठवतेय, सोबत पेनही आहे. सही कर, आणि कुंड्यांवरून माझ्याशी कडाकडा भांडायला घरी ये.

तुझीच,
रोपं वाटून टाकणारी ताई