सायकलवरून उतरायला जागा

प्रिय आबा,

रामराम. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि लेकीला आज सवड मिळाली, असं म्हणाल. म्हणा! पण आज माझं अडलंय. सोमवारी पुण्यातल्या एका नव्या सायकल-रस्त्याच्या नकाशावर मला सही करायची आहे आणि पेन उचललं की तुम्हीच आठवता.

मी आखलेला पहिला सायकल-रस्ता झाला तेव्हा तुम्ही रहिमतपूरहून मुद्दाम आला होतात. फौजेतला कोट इस्त्री करून! शेजाऱ्यांची सायकल मागून घेतलीत आणि ऐटीत निघालात. शेजारच्या फुटपाथवर एक आजोबा दिसले. तुम्ही लगेच उतरलात. "रामराम पावनं!" वडीलधारं माणूस भेटलं की सायकलवर बसून पुढं जायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पण आबा, सकाळची वेळ, फिरायला निघालेले सगळेच म्हातारे! किती वेळा उतरलात! रस्ता एका सायकलीपुरता. मागे रांग लागली, घंट्या वाजायला लागल्या.

माझ्याबरोबर ऑफिसातली माणसं होती. मी तणतणत आले. "आबा, इथं कुणी उतरत नाही. चारचौघांत माझं हसं करू नका."

"मग मानसानं मानसाला भेटायचं कुटं गं, वैशे?" तुम्ही एवढंच विचारलंत आणि सायकल हातात धरून चालत घरी आलात. नंतर पुण्यात तुम्ही सायकलला हात लावला नाही. 'चला आबा, दोघं चक्कर मारू,' एवढं म्हणायला मला काय धाड भरली होती?

पुढे फोनवर म्हणालात, "तुजा रस्ता लय गुळगुळीत हाय, पर थांबाय जागा न्हाई." मला तो टोमणा वाटला. मी फोन आईकडे द्यायला सांगितला.

तुमचा तेरावा झाल्यावर तुमची सायकल काढून मी मळ्याकडे निघाले. दहा मिनिटांची वाट. पण तीनदा उतरावं लागलं. "आबांची पोर न्हवं तू?" असं विचारत प्रत्येक म्हाताऱ्यानं मला बांधावर सावलीला बसवलं, तुमची एकेक आठवण सांगितली. घरी कुणासमोर रडले नव्हते, तिथे रडले.

मी भाषणांत सांगत असते, सायकलसाठी चांगलं शहर म्हणजे सलग रस्ता, चौकात सायकलला आधी वाट. खरंच आहे ते. पण तुम्ही मागितलेली गोष्ट माझ्या यादीत नव्हती. या नकाशात ती आहे. दोघं गप्पा मारत जातील एवढी रुंदी, आणि जागोजागी कडुलिंबाखाली उतरायला कोपरा.

साहेब म्हणतात, फुकट जागा जातेय. कोपरे काढा, रुंदी निम्मी करा, गाड्या लावायला होईल. नाही म्हटलं तर काम दुसऱ्याकडे जाईल. भीती वाटते, आबा. खोटं कशाला बोलू?

तरी तुम्हाला शब्द देते. अरुंद नकाशावर सोमवारी माझी सही नसेल.

आणि उद्या रविवार. तुमची सायकल मी गावाहून आणली आहे. सकाळी ती माझ्या त्याच पहिल्या रस्त्यावर काढणार. पहिले आजोबा दिसले की उतरणार आणि रामराम घालणार. मागून किती घंट्या वाजायच्या त्या वाजू देत.

तुमची,
वैशी