शि. पां., जोगेश्वरी

बोरिवली,
६ जानेवारी २०२५

ती. कुंदाताईस,
सा. न. वि. वि.

फोन करत नाही, कारण तू तो स्पीकरवर ठेवतेस आणि आईचे डोळे गेले तरी कान शाबूत आहेत. म्हणून हा पोस्टाचा खटाटोप. मोठ्याने वाचू नकोस.

वाट लागली आहे गं. बाबांची एकचाकी सायकल सांताक्रूझच्या जुन्या सायकलींच्या प्रदर्शनात घेतली, जागाही चांगली दिली, पण कार्डावर 'निर्माता अज्ञात' छापणार आहेत. जोगेश्वरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून ज्या माणसाने आयुष्यभर सर्कसवाल्यांना एकचाक्या करून दिल्या, तो अज्ञात. आणि चूक कुणाची, तर माझी.

आपल्याकडे वस्तू चारचौघांत न्यायची तर घासूनपुसून न्यायची. समईसुद्धा चिंच लावल्याशिवाय बाहेर येत नाही. ही सायकल तर काळीकुट्ट, रंगाचे पापुद्रे निघालेले. मी ती मालाडला प्लेटिंगवाल्याकडे टाकली आणि आरशासारखी चमकवून आणली. झकास दिसत होती. प्रदर्शनवाल्या ओजसने ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, काका, चाक धरणाऱ्या चिमट्यावर करणाऱ्याचा ठसा असतो, तो कुठाय. तेव्हा मला आठवलं की रंगाखाली 'शि. पां., जोगेश्वरी' होतं. चमक आणताना ते साफ घासून निघालं. तोंडी सांगितलेलं ते धरत नाहीत आणि आपल्याकडे दुसरा पुरावा नाही. नियम म्हणे. त्या नियमावर आणि माझ्या डोक्यावर, दोन्हींवर दगड घालावासा वाटतो.

उद्घाटनाला मी पाय ठेवणार नाही. आईला तूच ने. लोभ आहेच, तो हे पत्र वाचल्यावरही शिल्लक राहावा.

तुझा,
श्याम

मुलुंड,
९ जानेवारी २०२५

चि. श्याम यास,
अनेक आशीर्वाद.

शिल्लक आहे, पण फारसा नाही. साठी उलटली तुझी, कुणाला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही? लहानपणी माझी पाटी कोरी करून द्यायचास, आता बापाची केलीस. आणि वर स्वतः रुसून घरी बसणार. शहाणा आहेस.

आईचं इथे काय चाललंय ते ऐक. चार दिवसांपासून निळं लुगडं उशाशी काढून ठेवलंय. तिचं मागणं एकच आहे. मी तिला सायकलपाशी उभी करायची आणि कार्डावरचं बाबांचं नाव मोठ्याने वाचून दाखवायचं, आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाईल असं. त्यांचं नाव कधी कुणी चारचौघांत घेतलं नाही, म्हणाली. ह्या वयात ती दुसरं काही मागत नाही रे, आणि तेवढंही आपल्याला देता येऊ नये याचा मला संताप येतो.

मी ठरवलंय. कार्डावर काहीही असो, मी बाबांचंच नाव वाचणार. तिला दिसत नाही, आणि देव मला माफ करेल. तू फक्त तोंड बंद ठेव. गुडघा दुखतोय, म्हणून इथेच थांबते. तब्येत सांभाळ, आणि अक्कल असेल तर तीही.

तुझी,
ताई

मुलुंड,
१२ जानेवारी २०२५

चि. श्याम यास,
आशीर्वाद. ह्या वेळी एकच.

काल गेलो होतो. गर्दी बरी होती. आईने आधी सीटवरून हात फिरवला, मग खाली चिमट्यावर, आणि परत एकदा चिमट्यावर. म्हणाली, ही ह्यांची नव्हे. ह्यांच्या वेल्डिंगला गाठी असायच्या, ही कुणा दुसऱ्याची गुळगुळीत सायकल आहे, आपली कुठे ठेवलीये? मी घाबरून घाईघाईने कार्ड वाचलं. शिवदास पांचाळ, जोगेश्वरी, असं अगदी खणखणीत.

तर ती चिडलीच. म्हणजे दुसऱ्याच्या सायकलला ह्यांचं नाव लावलंय, ते आत्ताच्या आत्ता काढा, म्हणाली. ओजसला बोलावून घेतलं आणि त्यालाही तेच ऐकवलं. तो माझ्याकडे बघतोय आणि मी जमिनीकडे. मी इतकं धडधडीत खोटं बोलले आणि त्याचा असा उपयोग झाला.

कालपासून ती धड जेवलेली नाही. श्यामने ह्यांची सायकल कुठेतरी हरवली आणि आता लपवतोय, असं तिने मनाशी घेतलंय. तू ये, तिला घेऊन जा, आणि काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग. मी पुन्हा लिहिणार नाही. जेवढी माया उरली आहे तेवढी ह्या पत्रासोबत पाठवली आहे.

ताई

बोरिवली,
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बुधवारी तुझ्याकडून आईला टॅक्सीने घेऊन आलो. घरी आल्यावर, जेवणं झाल्यावर सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, पण तिने शांतपणे ऐकून घेतलं.

मग तिने जे सांगितलं ते तुला तरी माहीत होतं का? सर्कसवाले बाबांना ठसा मारूच द्यायचे नाहीत. तंबूत ते लोकांना सांगायचे की सायकली विलायतेहून मागवल्यात. जोगेश्वरीचं नाव दिसलं तर कोण टाळ्या वाजवणार? म्हणून बाबांच्या हातच्या सगळ्या बिननावाच्या गेल्या. घरी ठेवलेल्या ह्या एकीवर तेवढा आईने हट्टाने ठसा मारायला लावला होता. नाव असलेली तेवढीच. आता हीही बाकीच्यांसारखी झाली, म्हणाली, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो, ताई. सांगायला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निळं लुगडं नेसून तयार. सांताक्रूझला ने म्हणाली. तिथे ओजसकडून खुर्ची मागून घेतली आणि सायकलीला खेटून बसली. तेव्हापासून रोज हेच. बोलून बोलून तिचा घसा बसेल याची मला काळजी वाटते, पण ऐकेल तर शपथ. ओजस वैतागलाय, पण नव्वदीच्या बाईला उठवायचं कसं? कार्डावर अजून 'निर्माता अज्ञात'च आहे. पावलांचा आवाज आला की आई सांगायला लागते, ही माझ्या यजमानांनी केली, शिवदास पांचाळ त्यांचं नाव, जोगेश्वरीचे. लोक कार्डाकडे बघतात, मग तिच्याकडे. काहींनी तर तिच्याकडून नाव नीट विचारून घेतलं.

मी मागे उभा असतो. जायची सोय नाही, कारण तिने माझं मनगट धरून ठेवलेलं असतं. नावाचा ठसा का नाही, असं एखाद्याने विचारलंच, तर ती माझा हात जरा पुढे ओढते आणि सांगते, ठसा होता, ह्या माझ्या मुलाने घासला.

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. गुडघा बरा असेल तर ये, नाहीतर तिथूनच माझ्यावर थोडा लोभ कर. सध्या मला त्याची गरज आहे.

तुझा,
श्याम