राजा परत येतो ती बाजू

बाबा, जबलपूरच्या एका बाईंना उद्यापर्यंत उत्तर द्यायचं आहे आणि मला ते सुचत नाहीये. त्या कायमच्या पुण्याला चालल्यात, मुलाकडे राहायला. जबलपूरहून पुण्याची थेट गाडी आहे. तरी आपल्या इंदूरचं नाव काढून त्यांनी विचारलंय, ‘इंदौर होकर भी जा सकती हूँ. उतरूँ कि नहीं, आप बता दीजिए.’ तिकीट उद्या काढायचंय. आमची ओळख बरीच वर्षांची, भेट मात्र एकदाही नाही. आम्ही दोघं जपानी कार्टून मालिकांना हिंदी सबटायटल्स करतो, फुकट, हौसेनं. मी जपानीतून कच्चं हिंदी करून पाठवतो, त्या ते बोलण्यासारखं करतात. मग आम्ही एकेका शब्दावरून भांडतो.

कार्टून म्हटलं की तुमच्या भुवया वर जाणार, म्हणून नीट सांगतो. या मालिकांना अ‍ॅनिमे म्हणतात आणि त्यांतल्या पुष्कळ मोठ्या माणसांसाठी असतात. त्यातला एक प्रकार मूळ कम्प्युटरवर वाचायच्या कादंबरीवरून केलेला असतो. स्क्रीनवर मागे चित्र, खाली मजकूर, कानात पात्रांचे आवाज, आणि मध्येच गोष्ट थांबून तुम्हालाच विचारते, आता कुठे जाणार, शाळेच्या गच्चीवर की ग्रंथालयात? गच्चीवर गेलात तर एका मुलीची गोष्ट सुरू होते, ग्रंथालयात गेलात तर दुसरीची. एकीची पुरी झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करून दुसरीची वाचायची. मी जपानी यासाठीच शिकलो, आणि कुठल्या क्लासला न जाता शिकलो, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. मिल चालू असती तर तुमच्या हाताखाली फिटर झालो असतो. ती बंद पडली, आणि त्याच सुमाराला बाहेरच्या कंपन्यांचे टीव्ही आले, छपराछपरावर डिश आल्या, म्हणून मी रिपेअरिंगचं दुकान टाकलं. सर्किटच्या पाटीवर बारीक जपानी अक्षरं असायची. ती न वाचता त्यावर डाग द्यायचा कैया ठेवायचा, हे मला पटेना. राजवाड्यामागच्या रद्दीवाल्याकडे एक फाटका शब्दकोश मिळाला, तिथून सुरुवात. आजही कुणाचं सबटायटल चुकलेलं असलं तर मला पहिल्या वाक्यात कळतं.

तर अशा कादंबरीची मालिका करायची म्हणजे मोठी पंचाईत असते. कादंबरीत पाच मुली, पाच वाटा. मालिकेला वाट एकच. काही जण काय करतात, एका मुलीची गोष्ट संपवतात, दिवस मागे फिरवतात आणि दुसरीची सुरू करतात, जणू पहिली घडलीच नाही. हे प्रामाणिक आहे, पण बघणाऱ्याला आधीच्या रडण्याची लाज वाटायला लागते. काही जण सगळं एकत्र ढवळतात. नायक सगळ्यांची दुःखं थोडी थोडी निस्तरतो, प्रेम एकीवर करतो, आणि कुणाचंच दुःख पुरं होत नाही. मला आवडतात ते तिसरे. ते एक वाट धरतात आणि बाकीच्या सोडून देतात. बंदराच्या गावातली एक मालिका आम्ही दोघांनी केली. तिच्या शेवटच्या भागात नायक निवडलेल्या मुलीबरोबर बोटीत चढतो आणि खिडकीतून तिकीट देणारी एक मुलगी हसून सुटे पैसे परत करते. एक क्षणभर दिसते, बस. ज्यानं कादंबरी वाचलेली नाही त्याला ती तिकीटवाली वाटते. मी वाचलेली आहे. मला माहीत आहे की तिच्या स्वतःच्या वाटेवर त्या मुलीला काय आजार होता, ती कुणाची वाट बघत त्या खिडकीत बसायची आणि कशी गेली. या वाटेवर तिला कुणी विचारलंच नाही, म्हणून ती हसत तिकिटं देतेय. मरतेय का, तेही आपल्याला कळत नाही. मला ती जागा पाहून जेवण गेलं नाही.

चौथा प्रकार चमत्काराचा. मुलगी जाते, नायक उद्ध्वस्त होतो, आणि शेवटी काहीतरी उजेड पडतो नि ती परत उभी! यावर आमचं कायमचं भांडण. मी म्हणतो, ही फसवणूक आहे. जबलपूरवाल्या म्हणतात, ‘जिसने पाँचों रास्ते पढ़े, पाँचों बार रोया, उसने वो चमत्कार कमाया है. आप उससे भी छीन लोगे?’ मी म्हणतो, वाचणाऱ्यानं कमावला असेल, पण मालिका बघणाऱ्याला तो फुकट मिळतो, म्हणूनच तो मालिकेत खोटा वाटतो. त्यावर त्या म्हणाल्या, ‘आप तो ऐसे बोल रहे हो जैसे खुशी पर जीएसटी लगती हो.’ त्यांचे यजमान गेले त्याला आता पुष्कळ काळ झाला. बँकेतून निवृत्ती घेऊन त्या एकट्याच राहत होत्या. मी हे त्यांना कधी विचारलं नव्हतं, त्यांनीच एकदा एका वाक्याचा अर्थ लावता लावता सांगितलं.

फसवणुकीचं हे माझं मत तुमच्याकडून आलेलं आहे, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. मिलचा भोंगा बंद झाला त्या वर्षीची झांकी आठवते तुम्हाला? अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत दर मिलची झांकी, गाडीवरचा हलता देखावा, निघते; आपली मिल बंद, तरी तुम्ही लोकांनी ठरवलं की निघणार म्हणजे निघणार. वनवासात राजा राणीला झोपलेली सोडून निघून जातो, हा तुमचा ठरलेला देखावा. तुमची सगळी करामत मोटरवर गोल फिरणाऱ्या साखळीत होती. राजाचा पुतळा साखळीवर बसवलेला, तो राणीपासून निघून झाडीकडे जायचा आणि मागच्या बाजूनं वळसा घालून पुन्हा राणीपाशी यायचा, कारण साखळीला दुसरं काही करता येत नाही. ती मागची बाजू तुम्ही दर वर्षी रंगवलेल्या कापडी भिंतीनं झाकत होतात. लोकांना फक्त जाणं दिसायचं, पुन्हा पुन्हा जाणं. म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावायच्या.

त्या वर्षी कापडच नव्हतं. कापडाच्या मिलला कापड मिळेना! दुपारची ट्रायल चाललीय, कारखान्याचं आवार रिकामं, गवत वाढलेलं. तुम्ही मोटर चालू करता. राजा निघतो, जातो, वळतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सरळ राणीकडे चालत येतो. विणखात्यातले तुमचे दोस्त ओरडतात, ‘अरे भिया, ये तो चक्कर मार के वापस आ रिया है! रानी के हाथ के पोहे भूल गया था क्या?’ सगळे हसतात, मीही हसतो. तुम्ही माझ्याकडे बघता. ‘दात काय काढतोयस? घरी जा, पलंगपोस आण.’ पुतळ्यांचे चेहरे रंगवायला मराठी शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाई यायच्या. आई जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती आणि त्या बाई आल्या की तुमचे दोस्त तुम्हाला ‘फिटरसाब, कंघी कर लो’ म्हणून छेडायचे, हे मला माहीत होतं. मला ते वाईट वाटत नव्हतं, हे आज सांगतो. बाई राणीच्या पापण्या काढत होत्या. ब्रश न थांबवता म्हणाल्या, ‘असू दे की तसंच. येऊ दे त्याला.’

‘गोष्टीत तो इतक्यात येत नाही,’ तुम्ही म्हणालात.

‘गोष्टीत नसेल येत. मशीनमध्ये येतोय ना?’

‘बाई, लोक हसतील.’

‘हसू द्या. तुम्हाला काय, लोकांना रडवायचा ठेका दिलाय का मिलनं?’

तुम्ही मला पुन्हा घराकडे हात दाखवलात. मी पलंगपोस घेऊन आलो, आईच्या वेळचा, निळ्या काठाचा. तुम्ही तो स्वतः ताणून बांधलात, एक सुरकुती ठेवली नाहीत. मागची बाजू झाकली गेली. बाईंनी पापण्या पुऱ्या केल्या, ब्रश धुतले, डबा बंद केला आणि सगळ्यांना नमस्कार करून सायकलवर बसून गेल्या. मिरवणूक झाली, झांकी नावाजली गेली. पुढच्या वर्षी चेहरे रंगवायला दुसरा कुणी पोरगा होता. बाई नागपूरला बहिणीकडे गेल्या असं कुणीतरी सांगितलं, तुम्ही ‘हो का’ म्हणालात आणि साखळीला तेल घालत बसलात.

नंतर सुदामा नगरच्या भाड्याच्या घरात तुम्ही संध्याकाळी खुर्चीत बसून माझ्याबरोबर टीव्ही बघायचात. एका मालिकेत वर्षानुवर्षं हरवलेला नवरा शेवटी दारात उभा राहिला, बाजा वाजला, आणि तुम्ही म्हणालात, ‘परदा लावायला विसरले.’ मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते जन्मभर वापरलं. अ‍ॅनिमेवर मी इंटरनेटवर जे काही लिहितो, लोक वाचतात बरं का, त्याचा सगळा पाया तेवढाच आहे. चांगला दिग्दर्शक मागची बाजू झाकतो. वाईट दिग्दर्शक राजाला परत येताना दाखवतो. लोक मला विचारतात, हे कुठे शिकलात? मी म्हणतो, स्वतः.

पण परवा जबलपूरहून मेसेज आल्यापासून मी ती ट्रायलची दुपार पुन्हा पुन्हा बघतोय आणि मला तुमचा चेहरा नीट दिसत नाहीये. मला बाईंच्या हातातला ब्रश दिसतो, पापण्यांचा काळा रंग दिसतो, पलंगपोसाची गाठ दिसते. तुम्ही तो पडदा गोष्टीसाठी बांधलात, की बाई ‘येऊ दे’ म्हणाल्या म्हणून बांधलात? कलेसाठी बांधला असेल तर माझं सगळं लिहिणं बरोबर आहे आणि मी उद्या कळवतो, थेट गाडी सोयीची पडेल, उगाच वळसा कशाला. आणि घाबरून बांधला असेल, तर बाबा, मी एवढी वर्षं तुमच्या घाबरण्याला रसिकता म्हणत आलो. विचारायला आता तुम्ही राहिला नाहीत. बाई असतील तर आता खूप म्हाताऱ्या असतील, आणि मला त्यांचा नागपूरचा पत्ता ठाऊक नाही.

काल मी जबलपूरवाल्यांना उत्तर लिहिलंही होतं. इंदूरची गाडी किती वाजता पोचते, पुण्याची पुढे कधी सुटते, मधल्या वेळात सराफ्यात काय काय खाता येईल, पण सराफा रात्रीचाच खरा, तेव्हा मुक्काम करावा लागेल, मुक्कामासाठी स्टेशनजवळ चांगली हॉटेलं कोणती. सगळी माहिती अचूक होती. वाचून पाहिलं तर रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीतून कुणी बोलतंय असं वाटलं. खोडून टाकलं.

आज दुपारी दुकान बंद ठेवून पुन्हा बसलो त्यांनाच लिहायला. पहिला शब्द ‘बाबा’ पडला आणि मग हे एवढं झालं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही गाडीतून उतरणार नाही. त्यांनी उतरावं असं मला वाटतं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं या भाषेतून त्या भाषेत नेली. हे एक वाक्य माझं आहे. ते मराठीत लिहून झालं, हिंदीत अजून होत नाहीये.