डाव्या कडेचा किल्ट

२ मार्च, सोमवार

माझा जुना दोस्त रोरी जाणार नाही म्हणतो. पुढच्या बुधवारी इन्व्हरनेसच्या इस्पितळात दुसरं ऑपरेशन, आणि हा गडी खुर्चीतून हलायला तयार नाही. पहिल्या ऑपरेशनपासून पोटावर शौचाची पिशवी लावलेली. पँटचा पट्टा नेमका तिच्यावर घासतो. लग्नातला किल्ट, आम्हा स्कॉटिश पुरुषांचा तो चौकटीचा चुण्यांचा घागरा, तर पार बेंबीवर आवळावा लागतो. "मग काय, गाउन घालून बोटीवर चढू? अख्खं बेट धक्क्यावर येईल बघायला." किर्स्टी, त्याची बहीण, स्वयंपाकघरात रडत होती. डॉक्टरांनी तिला स्पष्टच सांगितलंय — या वेळी टाळलंत तर पुढे आमच्या हातात काही नाही.

मी म्हणालो, कमरेखाली सैल बसेल असा साधा, रोजचा किल्ट घाल. "तू शिव. मग जातो." माझं तोंड बंद करायला म्हणाला, कळत होतं. तरी मी हो म्हणून बसलो. जन्मात कधी बटण लावलेलं नाही!

४ मार्च

बायकोचं, शीनाचं, शिलाई मशीन काढलं. ती गेल्यापासून झाकण उघडलं नव्हतं. दोरा सारखा तुटतोय. मशीनला शिव्या घातल्या — नाचता येईना, अंगण वाकडं.

५ मार्च

माप घ्यायला गेलो. किल्टची लांबी माणसाला गुडघ्यांवर बसवूनच घ्यायची, कड जमिनीला टेकता कामा नये. रोरी बसला, पण उठता येईना. उचलायला गेलो तर मीही खाली. दोन म्हातारे गालिच्यावर. एरवी हसून मेलो असतो. तो म्हणाला, "राहू दे लेका. इथेच बरा आहे मी." कमरेला फीत लावली तर हाताला नुसती हाडं लागली.

७ मार्च

चुण्या जुळत नाहीत. प्रत्येक चुणीवर चौकट जशीच्या तशी यायला हवी. माझी कुठे निम्मी, कुठे गायब. घातल्या, उसवल्या, परत घातल्या. रडू आलं. शेवटी शीनाचा चौकटीचा चुण्यांचा स्कर्ट कपाटातून काढला आणि उसवला, आतून कसा आहे बघायला. तिचा सगळ्यात आवडता. माफ कर गं. पण उमगलं एकदाचं. आता कापड बेतायचं, कापायचं, सगळं तिच्या स्कर्टवरून.

भीती वाटते. रोरी गेला तर माझ्याशी भांडायला या बेटावर कोणी उरत नाही.

८ मार्च

रविवार. देवाच्या दिवशी इथे कोणी वाळत कपडासुद्धा घालत नाही. मशीनचा आवाज शेजारी जाईल म्हणून पडदे ओढून हातानेच शिवत बसलो. आई असती तर घराबाहेर काढलं असतं.

९ मार्च

संपलो.

किर्स्टी आली, किल्ट हातात घेऊन उलगडला. मग म्हणाली, "आर्ची, अरे हा बाईचा झालाय." पुरुषाच्या किल्टची मोकळी कड उजव्या मांडीवर येते, बाईच्या डाव्या. मी शीनाच्या स्कर्टवरून शिवला! चुण्यांचा रोखही उलटा. शेंबड्या पोराला कळतं ते मला कळलं नाही. कापड कापलेलं, उद्या सकाळी बोट. तो बघेल, 'बघ, झालं ना' म्हणेल, आणि खुर्चीत बसून राहील. मारला मी त्याला.

१० मार्च

नेऊन दिला. रोरीने उलटापालटा केला, कड बोटांनी चाचपली.

"ही तर शीनाची बाजू."

मी मान हलवली.

"ती असती तर तिने मला केव्हाच फरफटत बोटीवर नेलं असतं." आणि उठून घातला. घट्ट नाही, घासत नाही.

बोटीवर चहाच्या रांगेत एकजण बोललाच, "रोरी, उलट्या बाजूने घातलास की." रोरी म्हणाला, "माझं दुखणं डावीकडे आहे. तू तुझं बघ." मग बाकावर येऊन बसला. किनारा दिसेपर्यंत माझी बाही धरून होता.

११ मार्च

सकाळीच आत नेलं. दुपार उलटली, अजून कोणी बाहेर येऊन सांगत नाही. किल्ट घडी करून माझ्या मांडीवर.

१२ मार्च

रोरीने डोळे उघडले. पाणी मागितलं नाही, किर्स्टीबद्दल विचारलं नाही. मला म्हणाला, "पुढचा शिवशील तेव्हा कड उजवीकडे घे, गाढवा."

पुढचा, म्हणाला.